काळ्या वेलवेटवरची माणसं

हल्ली कुणाच्या दिवाणखान्यात जुन्या वैद्यकाच्या पुस्तकातली चित्रं फ्रेम करून लावलेली दिसली की माझं डोकं फिरतं. सोफ्याच्या वर हाडांचा सापळा, जेवणाच्या टेबलाशी उघडलेलं हृदय, आणि घरची बाई कौतुकाने सांगणार की हे असं सगळीकडे मिळत नाही बरं का. मी चहा अर्धा ठेवून उठते. लोकांना वाटतं मला किळस येते. किळस कसली डोंबलाची, ती चित्रं मला एकेकाळी तोंडपाठ होती.

आम्ही सुरतेत नवागामला राहायचो, एका खोलीत पाच जण. वडील लूमवर बारा तासांच्या पाळीला, आम्ही तीन भावंडं मराठी शाळेत, आणि माय घरी बसून कटवर्क करायची. कटवर्क म्हणजे काय हे सुरतेबाहेरच्यांना सांगावं लागतं. मशीनवर भरतकाम झालेल्या साड्यांचं पोटलं कारखान्यातून घरी येतं. काठाला पानाफुलांची नक्षी भरलेली असते. तिच्या कडेकडेने, प्रत्येक पाकळीला वळसा घालत, बाहेरचं जास्तीचं कापड छोट्या कात्रीने कापून टाकायचं. गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करायच्या. पण टाक्याला चिकटून कापलं तर दोन धुण्यांत काठ उसवतो, आणि जास्त सोडलं तर दशा लोंबतात. म्हणून माय टाक्याच्या बाहेर बरोबर एक धागा सोडायची. अर्धा नाही की दीड नाही. तिच्या हातची साडी ढिगातून ओळखू यायची, आणि कारखान्याचा माणूस महागाचा माल आधी आमच्या दारात टाकायचा.

दिंडोलीच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. ते आमच्याच तालुक्याचे, सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची. सुरतेत प्लेग आला तेव्हा आम्ही बोचकी बांधून गावी पळालो, भलेभले डॉक्टर शटर ओढून गायब झाले, पण आबांनी दवाखाना एक दिवस बंद ठेवला नाही. परत आल्यावर मायने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी तेव्हा नववीत होते. धाकट्या भावाच्या खोकल्याचं औषध आणायला गेले, आणि आबांच्या मागच्या काचेच्या कपाटात ते पुस्तक दिसलं.

पुस्तक कसलं, पाटच तो. इंग्रजांच्या काळातलं, आबांना त्यांच्या सरांनी दिलेलं. आतली चित्रं त्याहूनही जुनी, विलायतेतल्या कुणा कारागिरांनी कोरून छापलेली, वरून हाताने रंग भरलेली. कातडी सोललेला एक पुरुष डोंगरावर आरामात उभा होता, एक हात वर करून, कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा. त्याच्या मागे झाडं, लांब एक गाव. एका बाईचं पोट पाकळ्या उमलाव्यात तसं उघडलेलं आणि आत मूल गुडघे छातीशी घेऊन झोपलेलं. एका पानावर नुसता हात होता, पाचही बोटांच्या नसा मोकळ्या केलेल्या. आणि प्रत्येक नसेपासून, प्रत्येक हाडापासून एक बारीक रेघ निघून समासात जायची आणि तिथे त्याचं नाव लिहिलेलं असायचं. मला अजिबात भीती वाटली नाही. हे सगळं माझ्याही आत आहे आणि त्या प्रत्येकाला नाव आहे, याचाच मला हर्ष झाला.

आबांनी मला हाकललं नाही. "हात धुऊन ये," म्हणाले, "आणि पान कोपऱ्यातून उलट." त्यानंतर शाळा सुटली की मी रोज तासभर दवाखान्यात. पेशंट कमी असले की आबा समासातली नावं हाताने झाकायचे आणि विचारायचे, हे काय, ते काय. इंग्रजी नावं माझ्या जिभेला वळायची नाहीत, पण मी घोकघोक घोकली. वहीत हाडं काढली, नसा काढल्या. गल्लीतल्या पोरी चिडवायच्या, "ही बघा मढ्यांची मास्तरीण." चिडवू देत. मला डॉक्टर व्हायचं होतं, आणि हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल तर ते मायला.

वडिलांचं म्हणणं साधं होतं. दहावी झाली की पोरगी मायबरोबर कटवर्कला बसेल, मग दोन वर्षांनी लग्न. आबांनी एक दिवस वडिलांना आणि मायला दवाखान्यात बोलावून घेतलं. म्हणाले, "विज्ञानात पंचाहत्तर पाडले तर हिला सायन्सला घालायचं. पुढचं मी बघतो. आणि हे पुस्तक हिचं, माझा शब्द." आबांना नाही म्हणायची वडिलांची काय टाप होती, त्यांनी मान हलवली. माय तिथेच उभी होती. तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

दहावीच्या वर्षी संक्रांत झाल्यावर आबांनी पुस्तक बंद केलं. आता शाळेची पुस्तकं वाच, हे कुठे पळून जात नाही, म्हणाले. मी मान खाली घालून अभ्यासाला लागले. वाचायला सुट्टी लागली तशी दुपारची जेवणं झाली की माय म्हणायची, "घरमा उकडस. मैतरनीकडे जाय, तठे वाच." मैत्रिणीकडे छताला पंखा होता. आमच्याकडे घरघरणारा टेबलफॅन, तोही मायच्या तोंडावर. मला वाटायचं, बघा, वडील काही म्हणोत, मायला माझी किती काळजी. मी मैत्रिणीला तसं सांगायचेही. पाचला परत यायचे तेव्हा घर झाडून लख्ख असायचं आणि माय विचारायची, आज काय काय वाचलं? मी सांगायचे. ती ऐकायची, मध्येच मान हलवायची.

एकदा तिच्या पदराला कागदाचा एक कपटा चिकटलेला दिसला. कारखान्याने नवीन डिझाईनचा कागद पाठवला होता, असं ती म्हणाली. मी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही.

निकाल लागला. विज्ञानात एक्क्याऐंशी. पेढे घेऊन मी धावत दवाखान्यात गेले. आबांनी पेढा खाल्ला, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "शाब्बास पोरी." कपाटात पुस्तक नव्हतं. मी तिकडे बघतेय हे पाहून ते म्हणाले, "घरी नेलंय. रविवारी मुलाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत आहे, अठवा लाइन्सला. तिकडेच ये." मला त्यात काय वावगं वाटणार? मी घरी येऊन अस्तराच्या कापडाची जाड दुहेरी पिशवी शिवली, पुस्तकाच्या मापाची. मायने मला शिवताना पाहिलं. सुईत दोरा तिनेच ओवून दिला.

रविवारी माय माझ्या आधी तयार. तिची एकुलती एक चांगली साडी, ती फक्त लग्नाकार्याला निघायची. केसांना तेल, कपाळाला मोठं कुंकू. मला वाटलं, पोरीला सगळ्यांसमोर पुस्तक मिळणार म्हणून नटली बिचारी. मला इतकं भरून आलं की रिक्षात मी तिचा हात धरून बसले.

फ्लॅट म्हणजे आमच्या गल्लीतली सगळी घरं मावतील एवढा. आबांचा मुलगा कापडाच्या व्यापारात, सून नाशिकची, शिकलेली, बोलायला गोड. होम चालू होता. हॉलच्या लांब भिंतीवर ओळीने बारा चौकोन, त्यांवर चादरी टाकलेल्या. शेजारची बाई कुजबुजली, की भटजी आल्या आल्या भिंत बघून अडून बसले, हाडामांसासमोर होम करणार नाही म्हणाले, म्हणून झाकलंय. मी ऐकलं, पण माझं डोकं चाललंच नाही. माझे डोळे शोकेसमध्ये पुस्तक शोधत होते. माय मात्र भिंतीला अगदी लागून बसली होती, आणि होमाकडे कमी, चादरींकडे जास्त बघत होती.

जेवणं झाली. पानसुपारीला सगळे हॉलमध्ये जमले, तेव्हा सुनेने एकेक चादर ओढली.

काळं वेलवेट, चारी बाजूंनी जरीची पट्टी, त्यावर सोनेरी फ्रेम. आणि वेलवेटवर माझी माणसं. डोंगरावरचा पुरुष होता, पण डोंगर गेलेला. झाडं गेली, लांबचं गाव गेलं. तो अंधारात हात वर करून लटकत होता. पोट उघडलेली बाई होती, नसांचा हात होता, सापळा होता, फुप्फुसं होती. प्रत्येकाला बाहेरच्या रेषेवरून कापून काढून वेलवेटवर चिकटवलेलं. समास गेले, रेघा गेल्या, नावं गेली. एकाही फ्रेममध्ये एक अक्षर नव्हतं.

"अगं बाई, वास्तूच्या दिवशी भिंतीवर मढी," एक म्हातारी पुटपुटली. गुजराती शेजारीण म्हणाली, "बहु सरस, एकदम फॉरेन जेवुं लागे छे." सून खूश झाली. ती आणि तिचा नवरा परदेशी फिरायला गेले होते तेव्हा कुठल्याशा हॉटेलात अशी चित्रं भिंतीवर पाहिली होती. "आणि आमच्याकडे तर घरातच पडलेलं होतं पुस्तक," ती सांगत होती. "म्हटलं, बाबांचा डॉक्टरी वारसा पण जपला जाईल. पण नुसती पानं फ्रेम केली की शाळेतले तक्ते वाटतात हो. म्हणून असं केलं."

मी आबांकडे गेले. ते खुर्चीत बसून पान चघळत होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "अगं, सूनबाईच्या मनात भरलं. घरातच राहिलं ना शेवटी? भिंतीवर आहे, केव्हाही येऊन बघत जा." आणि हसले. प्लेगला न भ्यालेला माणूस सुनेला भ्याला. माझ्या हातात ती पिशवी घडी करून धरलेली होती, ती त्यांना दिसली, आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. पण ती आग आबांवर होती, सुनेवर होती. परक्यांवर रागावणं सोपं असतं. मी नसांच्या हाताच्या फ्रेमपाशी गेले, कारण तेच पान मी सगळ्यात जास्त वेळा काढलं होतं. जवळून पाहिलं. पाचही बोटं वेगवेगळी सोडवलेली. बोटांमधल्या फटी, मनगटावर मोकळ्या झालेल्या नसा, केसाएवढ्या नसेच्या दोन्ही बाजूंनी कात्री फिरलेली, आणि कुठे एक झटका नाही, कुठे फाटलेलं नाही. आणि सगळीकडून, अगदी सगळीकडून, रेषेच्या बाहेर कागदाची एक बारीक पांढरी कड सोडलेली. एक धागा.

कागद उसवत नाही. कागदाला कड सोडायचं काहीच कारण नाही. ज्याला कागद कापायची सवय आहे तो सरळ रेषेवरून कापेल. रेषेच्या बाहेर एक धागा सोडणारा हात सगळ्या सुरतेत मला एकच ठाऊक होता, आणि त्याच हाताने मला सकाळी वेणी घातली होती.

दुपारी घरमा उकडस. मैतरनीकडे जाय. तो पदराचा कपटा. सगळं एका झटक्यात माझ्या ध्यानात आलं. मी पंख्याखाली बसून रक्ताभिसरण पाठ करत होते तेव्हा, माझ्याच घरात, मी ज्या पाटावर वही ठेवून लिहायचे त्याच पाटावर, माय माझं पुस्तक कापत होती. पान पान करून, दिवसेंदिवस. आणि पाचला मला विचारत होती की आज काय वाचलं. केसाने गळा कापणं याहून वेगळं काय असतं?

मी वळले. माय माझ्या मागेच उभी होती, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती सुनेकडे बघत होती. शाळेत बक्षीस समारंभाला आपलं नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरीचं तोंड असतं, तसं तिचं तोंड झालं होतं. बँकेतल्या कुणा साहेबांच्या बायकोने विचारलं, "पण इतकं बारीक कापलं कुणी?" मायने पदर सारखा केला आणि नमस्कारासाठी हात अर्धे वर आणले.

"मुंबईचा एक आर्टिस्ट आहे," सून म्हणाली. "त्याच्याकडून करवून घेतलं."

माय तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. सुनेने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मायचे हात अर्ध्यावरच राहिले, मग तिने ते हळूच पदराला लावले, जणू पदरच नीट करायचा होता. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

हे हाताने कापलंय यावर साहेबांच्या बायकोचा विश्वास बसेना. आबा खुर्चीतूनच म्हणाले, "या पोरीला विचारा. तिला ती सगळी चित्रं पाठ आहेत, कुठे काही चुकलं असलं तर तीच सांगेल." बहुतेक मला खूश करायला म्हणाले असतील. हॉलमधले सगळे माझ्याकडे वळले. मायही वळली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी आजही विसरले नाही. ती माझी माफी मागत नव्हती. ती म्हणत होती, तू तरी सांग. हे मायने केलंय एवढंच सांगायचं होतं. फार तर तीन शब्द. मला ते येत होते, आणि माझ्याशिवाय तिथे ते कुणीही बोलणार नव्हतं.

"छान झालंय," मी म्हणाले. "मुंबईचंच असणार. इतकं बारीक काम सुरतेत कुणाला जमतंय?"

सुनेने पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसून दाखवलं, आणि मला बुंदीचा आणखी एक लाडू दिला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. आबांनी नंतर दोनदा निरोप पाठवला, सायन्सच्या फॉर्मसाठी ये म्हणून. मी गेले नाही. त्यांचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती, आणि तेव्हा मला आपल्या रागापुढे काही दिसायचं नाही. आबांपुढे मान हलवून बसले होते म्हणून वडिलांनी नाइलाजाने कॉमर्सचा फॉर्म आणला, मी भरला. आज एका ऑफिसात खुर्ची आहे, पंखा आहे, तक्रार करावी असं काही नाही. डॉक्टर झाले असते की नसते देव जाणे. पण पुस्तकाने मला अडवलं नाही, माझ्या हट्टाने अडवलं, हे कबूल करायला मला वीस वर्षं लागली.

त्या दिवशी मात्र आम्ही दोघी रिक्षाने स्टेशनपर्यंत आलो आणि तिथून शटलमध्ये, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या रिक्षात, बसलो. शटलमध्ये आणखी चार माणसं होती. मला त्यांची पर्वा नव्हती. मी तिला विचारलं, "पुस्तक माझं होतं, माहीत होतं ना तुला?"

"माहीत व्हतं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती काहीतरी कारण सांगेल. वडिलांनी सांगितलं म्हणून, पोरींनी शिकू नये म्हणून, सुनेने धमकी दिली म्हणून. मग मला तिच्यावर ओरडता आलं असतं. ती तसं काही बोलली नाही. रस्त्याकडे बघत तिने सांगितलं की तिच्या कटवर्कचं ऐकून सुनेने तिला बोलावून घेतलं, तेव्हा पहिल्या दिवशी ती नाहीच म्हणाली होती. मग सुनेने तिला खुर्चीवर बसवलं. चहा कपबशीत दिला, कामवाल्यांच्या ग्लासात नाही. तिचे हात आपल्या हातांत घेऊन म्हणाली, ताई, तुमच्या हातात कला आहे, वास्तूला सगळ्यांना सांगीन मी. "माले कलाकार म्हने ती," माय म्हणाली. "आजपोत कोनी म्हनं नव्हतं."

खरं होतं ते. मीही कधी म्हटलं नव्हतं. वडील म्हणायचे, लवकर आटप. कारखान्याचा माणूस म्हणायचा, माल उद्या पाहिजे. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि कळूनही माझा राग तसूभर कमी झाला नाही. उलट वाढला. एका कपबशीवर मला विकलं हिने, असं वाटलं.

उधना दरवाजा मागे गेला. माय माझ्याकडे वळली. आवाज अगदी हळू, शेजारच्या माणसाला ऐकू जाऊ नये असा.

"तुले त सगळं पाठ शे," ती म्हणाली. "खरं सांगजो. एखादं बोट चुकनं का व?"

माझ्याशिवाय हे तिला सांगू शकेल असं कुणी नव्हतं. ते काम किती अवघड होतं आणि ते किती बिनचूक झालं होतं, हे पुस्तक पाठ असलेल्या माणसालाच कळलं असतं, आणि तसं माणूस मी एकटी होते.

"तीन बोटं चुकली," मी म्हणाले. "दोन नसा पण तुटल्यात. डॉक्टर लोक बघून हसतील."

मायने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि घर येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. एकही बोट चुकलं नव्हतं. माय जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि हे मी तिला कधीच सांगितलं नाही.